टॉन्सिल काढल्याने ‘एमएस’ होतो, असे पुरावा म्हणत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लहानपणी टॉन्सिल काढलेल्या व्यक्तीला पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच ‘एमएस’ (शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते असा आजार), होण्याची शक्यता वाढते, अशा आशयाचा मजकूर अलीकडे मोबाइलवरून बराच फिरतो आहे आणि आरोग्यविषयक सदरांतूनही त्याचे पडसाद उमटू लागले आहेत. ‘जोखीम तीस टक्क्यांनी वाढते’ हे वाक्य त्यात ठळक असते; पण तो आकडा आला कोठून, कोणाची तुलना कोणाशी केली होती आणि मुळात हा आजार किती जणांना होतो, यांबद्दल त्यात अवाक्षर नसते. त्यामुळे ज्यांच्या मुलाची शस्त्रक्रिया ठरली आहे असे काही पालक ती पुढे ढकलतात, आणि ज्यांच्या घरात एमएसचा रुग्ण आहे ते वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपणच घेतलेल्या निर्णयाला बोल लावत बसतात. मी वैद्यकीय महाविद्यालयात रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र हा विषय शिकवत असे. एखादी गोष्ट आजाराचे कारण आहे की केवळ त्याच्या सोबतीने आढळणारी खूण आहे, हे कसे तपासावे याचाच हा विषय असल्यामुळे थोड्या विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम एवढे मान्य करते की हा संबंध कोणी कल्पनेने रचलेला नाही. कॅनडातील संशोधकांनी २०१३ साली अनेक देशांतील जुने अभ्यास एकत्र करून त्यांचा एकत्रित हिशेब मांडला. ज्यांचे टॉन्सिल वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत काढले होते त्यांच्यात एमएस आढळण्याची शक्यता १.२९ पट निघाली. अपेंडिक्स त्याच वयात काढलेल्यांत ती १.१६ पट होती. विसाव्या वर्षानंतर टॉन्सिल काढलेल्यांबाबत मात्र असा खात्रीलायक संबंध दिसला नाही. फिरत्या मजकुरातले ‘तीस टक्के’ बहुधा या १.२९ मधूनच आलेले आहेत. हे सर्व अभ्यास एकाच पद्धतीचे होते: आधी आजार झालेली माणसे घ्यायची, मग आजार न झालेली माणसे घ्यायची आणि दोघांच्या मागच्या आयुष्यात काय काय घडले ते विचारायचे. या पद्धतीने प्रश्न नेमका कोठे शोधायचा हे कळते. उत्तर मिळालेच असे तिच्या बळावर म्हणता येत नाही.

आता या १.२९ चा घराघरात अर्थ काय होतो, ते पाहू. मंगळूरच्या परिसरात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एमएसचे प्रमाण लाखामागे सुमारे ८ रुग्ण इतके आढळले. हा संबंध शंभर टक्के खरा आहे, शस्त्रक्रियाच त्याला कारणीभूत आहे आणि परदेशातला गुणोत्तराचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडतो, असे वादापुरते धरून चालले, तरी लाखातल्या ८ जणांच्या जागी १० ते ११ जण दिसतील. एखाद्या वेळी केलेल्या मोजणीत सापडलेले रुग्ण म्हणजे आयुष्यभराची जोखीम नव्हे, ती याहून जास्त असते, हे मला ठाऊक आहे. परंतु आकड्याची पट्टी लक्षात यावी एवढ्यापुरता हा हिशेब पुरेसा आहे. ब्रिटनसारख्या देशात, जिथे लाखामागे सुमारे २०० रुग्ण आहेत, तिथे हेच गुणोत्तर लाखामागे पन्नास-साठ जादा रुग्ण दाखवील. ‘तीस टक्के’ हे शब्द दोन्हीकडे तेच राहतात, पण त्यांच्यामागची माणसे किती, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मोबाइलवरच्या मजकुराने नेमकी हीच बाजू वाचकांपासून झाकून ठेवली आहे.

ही शंका मुळात आली कोठून, हे समजल्याशिवाय तिचे मोल ठरवता येत नाही. डेव्हिड पॉस्कॅन्झर या संशोधकाने १९६५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. एमएसच्या रुग्णांची तुलना त्यांनी त्यांच्याच पती-पत्नींशी आणि भावंडांशी केली आणि टॉन्सिल काढलेल्यांचे प्रमाण रुग्णांमध्ये अधिक असल्याचे दाखवले. त्याआधी दोनच वर्षे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएस आणि पोलिओ यांच्यातील साम्याकडे लक्ष वेधले होते. पोलिओचा विषाणू अस्वच्छ वस्तीत अगदी तान्ह्या वयात गाठतो आणि बहुतेकदा काही न करता निघून जातो. स्वच्छ, संपन्न समाजात मात्र तो उशिरा गाठतो आणि तेव्हा लुळेपणा आणतो. एमएसही थंड आणि संपन्न देशांत जास्त, गरीब आणि उष्ण देशांत कमी आढळतो. तेव्हा हाही एखाद्या सर्वत्र आढळणाऱ्या विषाणूचा उशिरा झालेला संसर्ग असावा, असा तो तर्क होता.

या तर्कात टॉन्सिलला जागा मिळाली तीही पोलिओमुळेच. १९४१ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात एका कुटुंबातील पाच मुलांचे टॉन्सिल एकदमच काढले गेले. त्या वेळी गावात पोलिओची साथ होती. पाचही मुलांना मेंदूच्या देठाला ग्रासणारा, गिळणे आणि श्वास घेणे बंद पाडणारा पोलिओ झाला आणि त्यांतली तीन दगावली. ही घटना वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आणि साथीच्या दिवसांत टॉन्सिलला हात लावू नये, असा दंडक पडला. पुढे १९७१ साली प्यारे ओगरा यांनी पोलिओची लस घेतलेल्या मुलांच्या नाका-घशातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर मोजली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर ती तिपटी-चौपटीने घटलेली आढळली. टॉन्सिल हा निरुपयोगी मांसाचा गोळा आहे, हा समज तेव्हाच मोडीत निघायला हवा होता. आजही काही ठिकाणी पालकांना ‘काही कामाचे नसतात, काढून टाकू’ असे सांगितले जाते, ते ऐकून मला नवल वाटते.

म्हणजे शंका घेण्यास सबळ आधार होता. पण पोलिओच्या बाबतीत शस्त्रक्रिया आणि लुळेपणा यांच्यात काही दिवसांचे अंतर होते, विषाणू हाती लागला होता आणि प्रतिपिंडे प्रत्यक्ष मोजता आली होती. एमएसच्या बाबतीत शस्त्रक्रिया आणि पहिले लक्षण यांच्यात दहा, वीस, कधी तीस वर्षे जातात. एवढ्या काळात माणसाच्या आयुष्यात काय काय घडते, आणि ज्यांच्या आयुष्यात टॉन्सिलची शस्त्रक्रिया घडते त्यांच्या आयुष्यात आणखी काय वेगळे असते, या प्रश्नाला बगल देऊन चालत नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांत कोणाचे टॉन्सिल काढले जात, याची हकीकत आजच्या वाचकाला खरी वाटणार नाही. १९३४ साली न्यूयॉर्कमधील १,००० शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यांतल्या ६१ टक्के मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासले आणि त्यांपैकी ४५ टक्के मुलांना शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. ज्यांना ‘गरज नाही’ असे सांगितले होते ती मुले दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली, तर त्यांनी त्यांतली ४६ टक्के निवडली. उरलेली तिसऱ्यांदा पाठवली, तेव्हा पुन्हा ४४ टक्के निवडली गेली. अखेर हजारांतली फक्त ६५ मुले अशी राहिली की ज्यांचे टॉन्सिल कोणालाच काढावेसे वाटले नव्हते, आणि तपासायला डॉक्टर उरले असते तर तीही वाचली असती असे वाटत नाही! इंग्लंडमध्ये अ‍ॅलिसन ग्लोव्हर यांनी १९३८ साली दाखवले की सुखवस्तू घरांतील मुलांवर ही शस्त्रक्रिया गरीब मुलांच्या निदान तिप्पट होते आणि शेजारशेजारच्या जिल्ह्यांत तिचे प्रमाण कित्येक पटींनी बदलते. हॉर्नसी या ठिकाणी शाळांचा वैद्यकीय अधिकारी बदलला आणि मुलांवरील शस्त्रक्रिया एकदम दहाव्या हिश्श्याखाली आल्या. मुलांचे घसे तर बदललेले नव्हते.

एमएसच्या अभ्यासांत सापडलेले कित्येक रुग्ण याच काळात लहानाचे मोठे झाले होते. त्या पिढीत टॉन्सिल काढलेले असणे ही घशाच्या आजाराची जेवढी खूण होती, तेवढीच ती घरच्या सांपत्तिक स्थितीची, आईवडिलांच्या शिक्षणाची, डॉक्टरकडे सहज जाता येण्याची आणि मुलांची संख्या कमी असलेल्या कुटुंबाची खूण होती. एमएसही नेमका याच वर्गात जास्त आढळतो असे तेव्हा दिसत होते. दोन्ही गोष्टी एकाच घरातून येत असतील, तर त्या एकत्र दिसणारच. अपेंडिक्स घशात नसते, तरी त्याच्या शस्त्रक्रियेशीही एमएसचा थोडासा संबंध दिसला. काही जण त्याचा अर्थ असा लावतात की अपेंडिक्समध्येही टॉन्सिलसारख्याच प्रतिकारपेशी असतात. अर्थ तसाही लागेल. परंतु ज्या मुलांना ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचणे सोपे होते तीच मुले दोन्ही यादींत आली, असाही तो लागतो, आणि मला हा दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो.

याच घसरगुंडीवरून एक दुसरा आजार घसरून गेला आहे. १९७१ साली न्यूयॉर्क राज्यातील संशोधकांनी टॉन्सिल काढलेल्यांत हॉजकिन्स आजार, म्हणजे लसिका ग्रंथींचा एक कर्करोग, जवळजवळ तिपटीने जास्त असल्याचे जाहीर केले आणि टॉन्सिल हा विषाणूंविरुद्धचा बंधारा आहे, तो फोडल्यामुळे कर्करोग होतो, असे स्पष्टीकरणही दिले. पुढच्या काही वर्षांत रुग्णांची तुलना त्यांच्या भावंडांशी केली गेली, कुटुंबात मुले किती हे विचारले गेले, आणि लहान कुटुंबात वाढणे हीच खरी महत्त्वाची खूण असावी असे दिसू लागले. तीन पटींचा आकडा पुष्कळच ओसरला. १.२९ हा आकडा त्याहून फार लहान आहे, आणि जितका आकडा लहान, तितका तो अशा दडलेल्या कारणांमुळे निर्माण होणे सोपे, हे या क्षेत्रातला प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षीच शिकतो.

यावर कोणी जाणकार वाचक विचारतील की पॉस्कॅन्झर यांनी तर भावंडांशीच तुलना केली होती. एका घरातली भावंडे एकाच सांपत्तिक स्थितीत वाढतात, मग त्यांच्यातही फरक का दिसावा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर संसर्गात आहे. दोन भावंडांपैकी टॉन्सिल कोणाचे काढले जातात? ज्याचा घसा वारंवार सुजतो त्याचे. तेव्हा शस्त्रक्रिया झालेले मूल हे त्याच घरातले जास्त आजारी पडणारे मूल असते. स्वीडनमध्ये सुमारे २४ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की ११ ते १९ या वयात ज्यांना रुग्णालयात निदान झालेला मेंदूचा अथवा श्वसनमार्गाचा संसर्ग होऊन गेला होता, त्यांच्यात पुढे एमएसचे प्रमाण अधिक होते. घशाचे हे संसर्गच जर एमएसशी कोठेतरी जोडलेले असतील, तर त्या संसर्गांमुळे केलेली शस्त्रक्रिया आपोआपच संशयितांच्या रांगेत येऊन उभी राहते. पावसाळ्यात ज्या घरांत बादल्या मांडलेल्या दिसतात त्याच घरांची छपरे गळकी निघतात, म्हणून छप्पर बादलीने फोडले असे आपण म्हणत नाही.

कोणता संसर्ग, याविषयी २०२२ साली फार मोठी भर पडली. अमेरिकी सैन्यदलातील एक कोटीहून अधिक तरुणांच्या नोंदी आणि जपून ठेवलेले रक्ताचे नमुने वापरून हार्वर्डमधील अल्बर्टो अ‍ॅशेरियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात अभ्यास प्रसिद्ध केला. सेवेच्या काळात ९५५ जणांना एमएस झाला. पुरेसे नमुने उपलब्ध असलेल्या ८०१ रुग्णांपैकी ३५ जणांच्या रक्तात पहिल्या नमुन्याच्या वेळी एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गाची खूण नव्हती. त्या ३५ पैकी ३४ जणांना एमएस सुरू होण्याआधी तो संसर्ग झाला. संसर्ग झालेल्यांत जोखीम ३२ पटींनी वाढलेली होती. याच प्रकारे लाळेतून पसरणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूच्या बाबतीत तसे काहीही दिसले नाही. वाचकांनी ३२ आणि १.२९ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. लहान आकड्यामागे दडलेले कारण सहज असू शकते. ३२ पट जोखीम निर्माण करू शकेल असे दडलेले कारण शोधून सापडणे कठीण.

आणि हा विषाणू राहतो कोठे? तो घशातूनच शरीरात शिरतो आणि टॉन्सिलमधील ‘बी’ पेशींमध्ये, म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये, ठाण मांडतो. तिथून तो जन्मभर शरीरात राहतो. एमएसच्या उपचारात आज परिणामकारक ठरलेल्या औषधांपैकी काही नेमकी या ‘बी’ पेशींनाच नाहीशी करतात, हा योगायोग नसावा. पाश्चात्त्य देशांत कित्येक मुलांना हा संसर्ग पौगंडावस्थेत होतो. तेव्हा ताप येतो, मानेच्या गाठी सुजतात आणि टॉन्सिल एवढे फुगतात की गिळता येत नाही. या तापाला ग्लँड्युलर फीव्हर म्हणतात, आणि तो येऊन गेलेल्यांत एमएसचे प्रमाण सुमारे दुपटीने जास्त असल्याचे डेन्मार्कमधील २५ हजारांहून अधिक रुग्णांच्या पाठपुराव्यातून २००७ साली दिसले होते. किशोरवयात असा घसा धरल्यावर त्यांपैकी काहींचे टॉन्सिल काढले गेले असणार. मग मागे वळून विचारणाऱ्या संशोधकाला शस्त्रक्रिया दिसते, कारण ती लक्षात राहते. आधीचा ताप मात्र विसरला गेलेला असतो.

आपल्याकडे बहुतेक मुलांना हा विषाणू पहिल्या काही वर्षांतच, भावंडांच्या उष्ट्यातून आणि मोठ्यांच्या लाडातून, गाठतो आणि साध्या सर्दी-तापासारखा निघून जातो. भारतात एमएस तुलनेने कमी असण्यामागे हे एक कारण असू शकते, असे अनेक अभ्यासक मानतात. मुंबई-पुण्यातील पारशी समाजात मात्र नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९० च्या सुमारास लाखामागे वीसहून अधिक रुग्ण आढळले होते, म्हणजे बाकीच्या भारतीयांच्या मानाने बरेच जास्त. तिथे वंशपरंपरेचा वाटा असणार, तसाच लहान कुटुंबाचा, शिक्षणाचा, राहणीमानाचा आणि वेळेवर न्यूरॉलॉजिस्टपर्यंत (मेंदू व मज्जातंतूंच्या तज्ज्ञापर्यंत) पोहोचण्याचाही असणार. या सगळ्याची फारकत करणे सोपे नाही. आता महाराष्ट्रातील शहरी घरांत एक-दोनच मुले असतात, पाळणाघरही निवडून घेतले जाते आणि उष्टे खाऊ घालण्याची पद्धत मागे पडली आहे. विषाणूने गाठण्याचे वय पुढे सरकत असेल, तर पुढच्या वीस वर्षांत आपल्याकडचे एमएसचे चित्र बदलू शकते, आणि त्याचा टॉन्सिलशी संबंध नसेल.

दुसरी बाजूही मी दडवणार नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नऊ वर्षांच्या आत टॉन्सिल काढलेल्यांत पुढे श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचे आजार जवळजवळ तिपटीने जास्त दिसले. त्या अभ्यासावरही हीच हरकत घेता येते की जी मुले जास्त आजारी होती त्यांचीच शस्त्रक्रिया झाली, आणि ती घेतलीही गेली. स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदींतूनही टॉन्सिल काढलेल्यांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या काही आजारांचे प्रमाण थोडे अधिक दिसले आहे. प्रतिकारशक्तीचा एक अवयव काढल्यावर शरीरात काहीही फरक पडत नाही, असे छातीठोकपणे कोणी सांगू नये. शस्त्रक्रियेचा एमएसशी अत्यल्प स्वतंत्र संबंध असण्याची शक्यता पूर्णपणे मोडीत काढता येत नाही, एवढे मी म्हणेन; तो सिद्ध झाला आहे असे म्हणण्यास मात्र आज आधार नाही.

मग पालकांनी काय करायचे? टॉन्सिल उगाच काढू नयेत, हे सांगायला एमएसची भीती घालण्याची गरज नाही. भूल, रक्तस्राव आणि दुखणे एवढी कारणे त्यासाठी पुरेशी आहेत. पिट्सबर्गमधील जॅक पॅरडाइज यांनी १९८४ साली जो निकष तपासून मांडला तो आजही बऱ्याच ठिकाणी पाळला जातो: एका वर्षात घशाचे सात ठळक संसर्ग, किंवा सलग दोन वर्षे दरसाल पाच, किंवा सलग तीन वर्षे दरसाल तीन, आणि तेही डॉक्टरांनी पाहून नोंदवलेले, आठवणीतले नव्हेत. याखेरीज टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइड्स (नाकाच्या मागच्या गाठी) वाढल्यामुळे मूल रात्री घोरत असेल आणि झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबत असेल, तर गोष्ट वेगळी होते. अशा मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, थांबून वाट पाहिलेल्या मुलांपेक्षा शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची झोप, वागणे आणि लक्षणे स्पष्टपणे सुधारली. मोठ्या माणसांबाबतही ब्रिटनमधील चाचणीने २०२३ साली दाखवले की वारंवार घसा धरणाऱ्यांनी टॉन्सिल काढले तर दोन वर्षांत घसादुखीचे दिवस कमी होतात. झोपेत श्वास कोंडणाऱ्या मुलाची शस्त्रक्रिया एका फिरत्या संदेशापायी रद्द करणे म्हणजे लाखात दोघा-तिघांच्या तर्कातल्या धोक्यासाठी रोज रात्रीचा प्रत्यक्ष त्रास चालू ठेवणे होय. पालकांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांना थेट विचारावे की संसर्ग किती वेळा झाला याची नोंद आहे का, थोडे थांबून पाहता येईल का, आणि श्वासाचा अडथळा किती आहे. या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही.

ज्यांच्या घरात एमएसचा रुग्ण आहे, त्यांना मला वेगळे सांगावेसे वाटते. या आजाराचे कोणतेही एकच कारण नाही. जनुकांचा वाटा आहे, विषाणूचा आहे, धूम्रपानाचा, किशोरवयातील लठ्ठपणाचा आणि ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचाही आहे. टॉन्सिल काढायला संमती दिल्याचा दोष स्वतःकडे घेणाऱ्या आईवडिलांच्या त्या ओझ्याला शास्त्राचा आधार नाही. त्यापेक्षा एका डोळ्याची दृष्टी अचानक अंधुक होणे, हातापायांना सतत मुंग्या किंवा बधिरता येणे, चालताना तोल जाणे, अशी लक्षणे काही दिवस टिकली तर न्यूरॉलॉजिस्टकडे लवकर जाणे हेच उपयोगाचे आहे, कारण आज उपलब्ध असलेली औषधे लवकर सुरू केल्यास पुढचे अपंगत्व बरेच टाळता येते. मुंबईत १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना माहिती व आधार देते, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, हेही अनेक कुटुंबांना ठाऊक नसते.

आपल्यासारख्या दैनिकांकडून माझी अपेक्षा माफक आहे. ‘अमुक केल्याने तमुक आजाराची जोखीम इतक्या टक्क्यांनी वाढते’ असे वृत्त छापताना तीन गोष्टी सोबत द्याव्यात: तो आजार मुळात लाखामागे किती जणांना होतो, टक्केवारी लागू केल्यावर तो आकडा किती होतो, आणि अभ्यासात माणसांवर पुढे लक्ष ठेवले होते की आजार झाल्यावर मागचे विचारले होते. त्यासाठी चार ओळी पुरतात. आणि महाराष्ट्रातील मोठ्या रुग्णालयांकडे टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी असतात, न्यूरॉलॉजी विभागांकडे एमएसच्या रुग्णांच्या नोंदी असतात. या दोन्ही एकत्र जोडून, रुग्णाच्या भावंडांशी तुलना करून आणि आधीच्या संसर्गांची नोंद लक्षात घेऊन एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने हा प्रश्न आपल्या लोकांसाठी तपासला, तर परदेशातील जुन्या आकड्यांवर आपल्याला अवलंबून राहावे लागणार नाही.

आपली,
एक निवृत्त अध्यापिका, रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, सोलापूर